सांडल्याचा वास

२०१८ च्या फेब्रुवारीतल्या एका दुपारी, न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरातून वाळलेले कपडे घेऊन वर आलेली आई म्हणाली, "खाली रॉकेलचा वास येतोय रे." तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आहे, त्याचा थोडाफार वास यायचाच, असे मी तिला सांगितले. ती कपड्यांची टोपली तशीच कडेवर धरून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "जळल्याचा नाही. सांडल्याचा वास आहे." मी मान हलवली आणि पुन्हा कामाकडे वळलो. पुढे सव्वा वर्षाने जे जमिनीतून निघाले, ते सगळे या वाक्यात होते. ते मला त्याच दुपारी उमजायला हवे होते, कारण ज्या घरात मी वाढलो त्या घरात हा फरक लहान मुलांनाही ठाऊक होता.

साताऱ्याच्या आमच्या घरी माझ्या शाळेच्या वर्षांत स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर होत असे. रेशनचे रॉकेल निळे असायचे. खुल्या बाजारातल्या तेलात ते मिसळले गेले तर ओळखू यावे म्हणून सरकार त्यात निळा रंग घालत असे. स्टोव्ह विझवल्यावर येणारा वास तिखट, डोळ्यांना झोंबणारा, पण खिडकी उघडली की पाच मिनिटांत जाणारा. कॅन कलंडून फरशीवर तेल सांडले तर येणारा वास वेगळाच. तो जड असतो, जमिनीलगत राहतो, पोत्यांत आणि अंथरुणात मुरतो, फरशी सोड्याने घासली तरी दोन दिवसांनी पुन्हा डोके वर काढतो. आईने तीस वर्षे ते तेल मापाने ओतून घेतलेले होते. तिच्या नाकावर मी विश्वास ठेवला नाही, याचे कारण त्या हिवाळ्यात मी तिच्याकडे दुसऱ्याच एका हिशेबाने पाहत होतो.

तो हिशेब सांगण्याआधी या घराची रचना सांगायला हवी. आमचे घर १९५८ सालचे. अमेरिकेच्या ईशान्य भागात दुसऱ्या महायुद्धापर्यंत बरीच घरे कोळशावर तापत. युद्धानंतर कोळशाची जागा तेलाने घेतली आणि नव्या उपनगरांतल्या अंगणांत लोखंडी टाक्या पुरल्या गेल्या. तेलावर तापणारी या देशातली बहुतेक घरे आजही याच पट्ट्यात आहेत. आमची टाकी ५५० गॅलनची, म्हणजे दोन हजार लिटरहून थोडी अधिक, घराच्या उत्तरेच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर गवताखाली पुरलेली. जमिनीवर तिच्या फक्त दोन खुणा: तेल भरायच्या नळीचे झाकण आणि भिंतीलगत उभी असलेली हवानळी. तेलाचा ट्रक आला की चालक पाइप जोडतो आणि कान देऊन उभा राहतो. टाकीत तेल चढू लागले की आतली हवा हवानळीवाटे बाहेर पडते आणि वाटेत बसवलेली शिट्टी वाजत राहते. तेल शिट्टीच्या तळाला टेकले की आवाज थांबतो आणि चालकही थांबतो. टाकीत काय चालले आहे हे कोणी डोळ्यांनी पाहत नाही. आम्ही २००३ मध्ये हे घर घेतल्यापासून त्या टाकीशी आमचा संबंध एवढाच होता: वर्षातून पाच-सहा वेळा ऐकू येणारी शिट्टी आणि दाराच्या फटीत खोचलेली पावती.

त्या पावत्यांवरचे आकडे २०१६ च्या हिवाळ्यापासून वाढू लागले, आणि आईही त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली. ती ऑक्टोबरात यायची आणि एप्रिलमध्ये परत जायची, असे लागोपाठ दोन हिवाळे झाले. एरवी आम्ही थर्मोस्टॅट ६८ अंश फॅरेनहाइटवर ठेवत असू. तिच्यासाठी तो ७२ वर नेला. वाढलेल्या बिलाचे कारण मला शोधावेच लागले नाही. मी तिला कधी काही बोललो नाही, पण एकदा पत्नीशी बोलताना "चार अंशांचे इतके पैसे होतात" असे म्हणालो, आणि ते आईच्या कानावर गेले असावे. त्यानंतर ती स्वेटर घालून झोपू लागली आणि रात्री जिन्यातला थर्मोस्टॅट स्वतः खाली करू लागली. मला ते काही आठवड्यांनी कळले आणि तरीही मी ते तसेच चालू दिले. गळतीच्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचते ते हे.

तिच्या तक्रारीनंतर बॉयलरचा बर्नर, म्हणजे तेल पेटवणारा भाग, साफ करायला आलेल्या तंत्रज्ञाने फिल्टर बदलला आणि फिल्टर बदलताना चार थेंब सांडले की वास आठवडाभर राहतो, असे सांगितले. ते खरेही आहे. आई एप्रिलमध्ये परत गेली, उन्हाळ्यात तळघराच्या खिडक्या उघड्या राहिल्या, वास विसरला गेला.

२०१९ च्या मार्चअखेर दोन दिवस संततधार पाऊस झाला. आमच्या तळघराच्या कोपऱ्यात जमिनीतले पाणी गोळा होण्यासाठी एक खड्डा आहे, त्यात पंप बसवलेला आहे. पंप नीट चालतो ना, हे पाहायला मी विजेरी घेऊन खाली गेलो, तर खड्ड्यातल्या पाण्यावर रंगीत तवंग होता. जांभळा, निळा, पिवळसर, रस्त्यावर मोटारीखाली पावसात दिसतो तसा. तवंग दिसला म्हणजे तेलच, असे मात्र नाही. लोह असलेल्या जमिनीत काही जिवाणू पाण्यावर अगदी असाच चकाकणारा पापुद्रा तयार करतात. दोन्हींत फरक करण्याची एक साधी रीत आहे, ती मी तेव्हा वाचून करून पाहिली. काडीने तवंगाला टोचावे. जिवाणूंचा पापुद्रा असेल तर त्याचे काचेसारखे तुकडे होतात आणि ते तुकडे वेगळेच राहतात. तेल असेल तर काडी फिरेल तिकडे तवंग वळतो आणि काडी काढली की पुन्हा एकत्र मिळून येतो. मी गुडघ्यांवर बसून झाडूची काडी पाण्यात फिरवली. जांभळा रंग काडीमागून वळला, लांबट झाला, आणि काडी उचलताच हळूहळू मिटून पूर्ववत झाला. मी चार वेळा तेच केले. चारही वेळा तो मिटला. खाली वाकल्यामुळे वास आता स्पष्ट येत होता, आणि तो जळल्याचा नव्हता.

न्यू जर्सीत घरगुती तेलटाक्यांची तपासणी करण्यासाठी राज्याचे प्रमाणपत्र असलेले तपासनीस असतात. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एक गृहस्थ आले. त्यांनी खड्डा पाहिला आणि टाकीकडे वळण्याआधी मला फोन करायला लावला. गळती कुठून होते हे कळेपर्यंत थांबण्याची मुभा या राज्यात नाही. तेल जमिनीत किंवा पाण्यात गेल्याचे दिसले की राज्याच्या पर्यावरण खात्याच्या हॉटलाइनला ताबडतोब कळवावे लागते. मी कळवले, पलीकडच्या बाईंनी शांतपणे माहिती लिहून घेतली आणि मला एक प्रकरण क्रमांक दिला. आमच्या घराला आता एक क्रमांक होता, आणि त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही. बॉयलर बंद केला. थंडी ओसरत आली होती; विजेच्या दोन हीटरवर आणि शेगडीवर तापवलेल्या पाण्यावर आम्ही ते आठवडे काढले.

ज्यांना ज्यांना विचारले त्या सगळ्यांचे उत्तर एकच होते: टाकी गळते आहे, उपसून काढा. हा संशय स्वाभाविक होता. उघडे पोलाद ओल्या मातीत वीस-तीस वर्षे पडले की गंज त्याला आतबाहेरून खातो, आणि बहुतेक प्रकरणांत दोषी टाकीच निघते. एका ठेकेदाराने तर त्याच आठवड्यात खोदायंत्र आणण्याची तयारी दाखवली. तपासनीस मात्र म्हणाले की आधी मोजू या, आणि त्यांच्या त्या एका शब्दाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

मोजणे म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो. टाकी आडवी, गोल, ४८ इंच व्यासाची आणि ७२ इंच लांबीची. भरायच्या नळीतून इंचांच्या खुणा असलेली लाकडी काठी तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि ओल कुठपर्यंत आली ते पाहायचे. काठीच्या टोकाला एक तपकिरी मलम लावतात. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर ते लाल होते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते, आणि छिद्र पडलेल्या टाकीत पावसाळी दिवसांत बाहेरचे पाणी शिरण्याचा संभव असतो. आमच्या काठीचे टोक तपकिरीच राहिले. पातळी भरली तेवीस इंच दोन सूत. हा सूत शब्द मी वडिलांच्या सुतारमित्राकडून शिकलेला. एका इंचाचे आठ सूत. या आकाराच्या टाकीत मध्याच्या आसपास एक इंच म्हणजे जवळजवळ पंधरा गॅलन तेल, म्हणजे एक सूत म्हणजे सुमारे सात लिटर. थेंबाथेंबाची गळती एका दिवसात काठीवर दिसणे शक्य नव्हते, म्हणून झाकणाला कुलूप लावून आम्ही पाच दिवस थांबलो. सहाव्या दिवशी काठी पुन्हा सोडली. तेवीस इंच दोन सूत.

त्या पाच दिवसांत मी दुसरीकडे खोदत होतो. पत्नीने २००३ पासूनच्या तेलाच्या पावत्या बुटांच्या एका खोक्यात, वर्षवार रबर लावून, जपून ठेवलेल्या होत्या. तेल पुरवणारे लोक पुढचा ट्रक कधी पाठवायचा हे ठरवण्यासाठी एक जुना हिशेब वापरतात. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंशांपेक्षा जितके कमी, तितके त्या दिवसाचे 'डिग्री-डे' धरायचे. सरासरी ३० अंश असेल तर ३५. दोन पावत्यांच्या दरम्यानच्या सगळ्या दिवसांची बेरीज करून तिला भरलेल्या गॅलनांनी भागले की एका गॅलनमध्ये ते घर किती डिग्री-डे निभावते हे कळते. प्रत्येक घराचा हा आकडा साधारण स्थिर असतो. थंडी कमी-जास्त झाली तरी तो फारसा हलत नाही, कारण थंडी हिशेबात आधीच धरलेली असते. राष्ट्रीय हवामान सेवेकडे न्यूअर्क विमानतळाच्या रोजच्या नोंदी मिळतात. मी एक चौकटीची वही घेतली आणि रात्री जेवण झाल्यावर एकेक हिवाळा मांडत गेलो.

२०१६ च्या आधीच्या सगळ्या हिवाळ्यांत आमच्या घराचा आकडा पाचाच्या आसपास होता. आई आली त्या पहिल्या हिवाळ्यात तो ४.६ झाला, थर्मोस्टॅट चार अंशांनी वर गेला तर इतका फरक पडायलाच हवा. दुसऱ्या हिवाळ्यात, थर्मोस्टॅट तितकाच असताना आणि रात्री तर आई तो स्वतः खाली करत असताना, ४.३ झाला. येथे मी पेन खाली ठेवले. मग २०१८-१९ चा हिवाळा घेतला. आई साताऱ्यात होती, थर्मोस्टॅट ६८ वर होता, घरात आम्ही दोघेच होतो. आकडा पुन्हा पाचावर यायला हवा होता. तो आला ४.२.

मी बेरीज पुन्हा केली. त्या एका हिवाळ्यात आम्ही साधारण १७५ गॅलन तेल जास्त भरले होते, म्हणजे साडेसहाशे लिटरहून अधिक, आणि ते आमच्या घरात जळलेले नव्हते. त्याआधीच्या हिवाळ्यातला काही भाग धरला तर हजार लिटरच्या घरात आकडा जात होता. आईने त्या घरात एकही अंश फुकट घालवलेला नव्हता. तिच्यामुळे झालेली वाढ पहिल्या हिवाळ्यात जेवढी दिसली तेवढीच होती, आणि ती तिची हक्काची ऊब होती.

आता दोन आकडे समोरासमोर उभे होते आणि त्यांचे पटत नव्हते. वही सांगत होती की तेल जाते आहे, दिवसाला सरासरी एक गॅलन. टाकी गळत असती तर पाच दिवसांत काठीवर जवळजवळ तीन सूत उतार दिसायला हवा होता, आणि काठी सांगत होती की काहीच जात नाही. तपासनिसांनी टाकीची घट्टपणाची रीतसर चाचणी करून घेतली; त्यातही टाकी उत्तीर्ण झाली. दोन्ही मोजण्या खऱ्या असतील तर तेल टाकीतून जात नव्हते, आणि बॉयलर बंद असताना तर जातच नव्हते. ही दुसरी गोष्ट मला वहीतही दिसली: उन्हाळ्यात, बॉयलर केवळ अंघोळीच्या पाण्यापुरता पेटत असताना, जास्तीचे तेल नगण्य होते. तूट थंडीबरोबर वाढत होती. बर्नर जितका वेळ चाले, तितके तेल हरवे.

हे मी तपासनिसांना फोनवर वाचून दाखवले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, बॉयलरला तांब्याच्या नळ्या किती आहेत? मी खाली जाऊन पाहिले. दोन होत्या.

टाकीपासून बर्नरपर्यंत तेल येते ते पंपाच्या ओढीने. काही घरांत एकच नळी असते. लागेल तेवढे तेल ओढले जाते. काहींत दोन असतात. पंप बर्नरच्या नोझलला, म्हणजे तेल फवारणाऱ्या तोटीला, लागते त्याच्या कितीतरी पट तेल ओढतो, थोडे जाळायला देतो आणि उरलेले दुसऱ्या नळीने टाकीकडे परत ढकलतो. येणाऱ्या नळीला छिद्र पडले तर ती तेलाऐवजी हवा ओढते आणि बर्नर अडखळून बंद पडतो. घरात थंडी पसरते, लोकांना लगेच कळते. परतीच्या नळीत मात्र तेल दाबाखाली असते. तिला छिद्र पडले तर बर्नर सुरळीत चालतो, घर उबदार राहते, आणि बर्नर चालू असेल तितका वेळ तेल छिद्रातून बाहेर ढकलले जाते. बर्नर थांबला की गळतीही थांबते. आमच्या टाकीत परतीची नळी अगदी वरच्या भागात, तेलाच्या पातळीच्या वर उघडत होती, त्यामुळे बंद अवस्थेत टाकीतले तेल उलटे त्या नळीत उतरण्याचाही प्रश्न नव्हता. मी नंतर हिशेब केला: बर्नर चालू असताना मिनिटाला सुमारे दहा मिलिलिटर. दोन चहाचे चमचे.

नळ्यांची दोन्ही टोके सोडवून, बूच मारून, त्यांत वायूचा दाब भरला. येणाऱ्या नळीवरचा काटा जागचा हलला नाही. परतीच्या नळीवरचा काटा आमच्या डोळ्यांदेखत, तासाच्या काट्यापेक्षा थोडा वेगाने, खाली येत राहिला. तळघरात आम्ही तिघे उभे होतो आणि कोणीच काही बोलले नाही. वाफ मोजणारे हातातले यंत्र तपासनिसांनी जमिनीच्या भेगांवरून फिरवले, तर टाकीकडच्या बाजूला ते जवळजवळ शांत होते आणि भिंतीपासून हातभर आत, नळी जेथे काँक्रीटखाली शिरते तेथे, आकडा झपकन वर गेला.

टाकी का शाबूत होती, याचे उत्तर नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मिळाले. या राज्यात सरकारी कागद मागण्याचा नागरिकांना हक्क देणारा कायदा आहे, आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखा. मी अर्ज केला आणि आमच्या घराच्या फाइलीत १९८४ सालचा एक परवाना निघाला: जुनी टाकी काढून त्याच जागी नवी बसवली. नळ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. नव्या टाकीला १९५८ च्याच नळ्या जोडलेल्या होत्या, उघड्या तांब्याच्या, काँक्रीटमध्ये थेट गाडलेल्या. काँक्रीटच्या सहवासात तांबे वर्षानुवर्षे झिजते. ईशान्येतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्याने तर यासाठी कायदाच केला आहे: अशा नळीला प्लास्टिकचे वेष्टण हवे, नाहीतर बर्नरशी तेलाची सुरक्षा-झडप हवी. आम्ही घर घेताना तपासणी झाली तेव्हा टाकीचे वय विचारले गेले. नळ्यांचे वय ना कोणी विचारले, ना मला विचारायचे सुचले.

खोदकाम मे महिन्यात झाले. त्याआधी ८११ क्रमांकाला कळवावे लागते. मग वीज, गॅस, पाणी यांचे लोक येऊन आपापल्या वाहिन्या रंगाने आखून जातात, विजेची लाल, गॅसची पिवळी, पिण्याच्या पाण्याची निळी, सांडपाण्याची हिरवी. आमच्या अंगणात रांगोळी काढल्यासारख्या रेघा उमटल्या. तळघरात काँक्रीट फोडले ते हाताने धरायच्या यंत्राने, आणि त्याखालची माती कामगारांनी फावड्याने बादल्यांत भरून जिन्यावरून वर नेली.

आमच्या भागातली माती लाल आहे, लाल शेल खडकाची, चिकट; पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती महाबळेश्वरच्या वाटेवरच्या मातीसारखी वाटली होती. काँक्रीटखाली पहिले वीतभर ती तशीच लाल होती. मग रंग बदलला. लालाच्या मध्ये हिरवट करड्या रंगाचा एक पट्टा आला, आधी बोटभर, मग हातभर रुंद. मातीला लाल करतो तो लोहाचा ऑक्साइड. तेल खाऊन जगणारे जिवाणू मातीतला प्राणवायू संपवतात आणि मग त्या लोहाचे रूप बदलून लाली जाते. कामगाराने त्या करड्या मातीचे एक ढेकूळ फोडून माझ्यासमोर धरले. आतून ते ओलसर, तुकतुकीत होते, आणि त्याच्या फटींत गुलाबीसर लाल तेलाची झाक होती. येथे घरगुती तेलात लाल रंग घालतात, कारण त्यावर रस्त्यावरच्या डिझेलचा कर नसतो आणि ते मोटारीत भरलेले ओळखू यावे. साताऱ्याच्या निळ्या रॉकेलची मला तेथे त्या खड्ड्याच्या काठावर आठवण झाली.

छिद्र नळीच्या खालच्या बाजूला होते. नळीचा तो वीतभर तुकडा कापून काढला, तो माझ्याकडे आहे. बाहेरून हिरवे कीट चढलेले, आणि एका जागी कीट नसलेला डागासारखा भाग, त्याच्या मध्ये टाचणीच्या टोकाएवढे भोक. उजेडासमोर धरला की आरपार दिसते.

पुढचे लवकर सांगतो. भिंतीच्या आत आणि बाहेर मिळून एकतीस टन माती निघाली. पाया उघडा पडू नये म्हणून टप्प्याटप्प्याने काढावी लागली. घराच्या विम्यात प्रदूषण वगळलेले होते. राज्याच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे सांडलेल्या तेलाची जबाबदारी जागेच्या मालकावर येते, चूक कोणाची हा प्रश्न त्यात नाही; आणि संघराज्याने १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी जो कायदा केला त्यातून घरच्या वापराच्या तेलटाक्या वगळलेल्या आहेत, त्यामुळे कोणी वेळोवेळी येऊन तपासत नाही. एका नव्या मोटारीच्या किमतीइतका खर्च आला. तो आम्ही केला, आणि करायला हवाच होता, कारण ती माती आमच्या पायाखालची होती आणि उताराच्या खालच्या बाजूला शेजाऱ्यांची बाग होती. खड्ड्याच्या तळाचे आणि बाजूंचे नमुने प्रयोगशाळेत गेले. नळीखालच्या मातीत किलोमागे ८४०० मिलिग्रॅम तेल निघाले होते; निवासी जागेसाठी राज्याची मर्यादा तेव्हा ५१०० होती. खोदून झाल्यावरचे सगळे नमुने चारशेच्या आत आले. खड्ड्यातला तवंग पाहिल्यामुळे भूजलाचीही तपासणी करावी लागली आणि अंगणात एक निरीक्षण-विहीर घेतली. विहीर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पायऱ्या आणि रहाट येतो. ही दोन इंचांची प्लास्टिकची नळी होती. तिचे पाणी दोनदा तपासले, दोनदा स्वच्छ आले. आणखी काही करण्याची गरज नाही असे राज्याचे पत्र २०२० च्या फेब्रुवारीत मिळाले. पुरलेली टाकी शाबूत असूनही आम्ही काढून टाकली आणि तळघरात जमिनीवर, चारही बाजूंनी दिसेल अशी नवी ठेवली, एकाच नळीची, आवरणातली.

छिद्र सापडले त्याच संध्याकाळी मी आईला व्हिडिओ कॉल केला होता. साताऱ्यात सकाळ होती. नळीचा तुकडा खिडकीसमोर धरून भोक दाखवले. तिला ते फोनवर दिसले नाही, पण दिसले असे ती म्हणाली. मी तिला वहीतले आकडे वाचून दाखवले, ४.६, ४.३, ४.२, आणि ती नसतानाचा हिवाळा सर्वांत वाईट निघाला हे सांगितले. थर्मोस्टॅटबद्दल मला जे बोलायचे होते ते मी बोललो. ती म्हणाली, "जाऊ दे ते. एकूण किती सांडलं?"

"हजार लिटर तरी असेल."

ती पुटपुटत काहीतरी मोजत होती. "आपल्याला कार्डावर महिन्याला पाच लिटर मिळायचं," ती म्हणाली. "सोळा वर्षांचं रॉकेल झालं रे हे." मग थोड्या वेळाने, "आणि ते सगळं मातीत गेलं. माती काढली ना पूर्ण?"

२०२० मध्ये ती येणार होती, ते महामारीमुळे राहून गेले. २०२२ च्या ऑक्टोबरात आली. विमानतळावरून घरी पोहोचल्यावर चहा ठेवला तोवर ती कठड्याला धरून एकेक पायरी तळघरात उतरली. मी मागोमाग गेलो. भिंतीजवळ नव्या काँक्रीटचा पट्टा जुन्यापेक्षा अजून फिका दिसतो. ती त्यावर जाऊन उभी राहिली, जरा वाकली आणि दोन-तीनदा श्वास घेतला.

"तेल नाही," ती म्हणाली. मग कोपऱ्याकडे वळून, "पण ओल आहे. इकडून येतेय."

मला कसलाच वास येत नव्हता. मी वर जाऊन शिडी काढली आणि उजेड होता तोवर त्या कोपऱ्यावरची पन्हळ पाहून घेतली. तिचे खालचे तोंड सुटून भिंतीकडे वळलेले होते.